क्युबिझमचे व्याकरण शिकविणारी शाळा

पॅरिसच्या मोंपार्नास भागातील ओदेसा रस्त्यावर आंद्रे लोत (१८८५-१९६२) या चित्रकाराने १९२० च्या दशकात स्वतःची कलाशाळा काढली. मुंबईचे चित्रकार जहांगीर सबावाला यांच्या चित्रांतील कोनदार, घडीव आकारांचा उगम शोधू गेल्यास वाट याच शाळेपाशी पोहोचते.

लोत मूळचे बोर्दोचे. वयाच्या बाराव्या वर्षी ते लाकडावरील कोरीवकाम शिकू लागले. पुढे तेथील कलाशाळेत त्यांनी सजावटी शिल्पकलेचे शिक्षण घेतले. चित्रकला मात्र ते बव्हंशी स्वतःच शिकले. १९१२ मध्ये क्युबिस्टांच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांचा सहभाग होता आणि १९१८ पासून दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी कलासमीक्षाही लिहिली. छिन्नीची सवय आणि समीक्षकाची शिस्त, दोन्ही त्यांच्या अध्यापनात उतरली.

सरकारी कलाविद्यालयात प्रवेशासाठी परीक्षा आणि पुढे स्पर्धांची उतरंड असे. खासगी अकादमीत शुल्क भरले की प्रवेश मिळे. पदवीचा प्रश्नच नव्हता. साहजिकच परदेशी विद्यार्थ्यांचा आणि स्त्रियांचा ओढा अशा शाळांकडे होता.

लोत यांची पद्धत काटेकोर होती. समोरच्या मॉडेलचा देह पृष्ठभागांत विभागायचा, उष्ण व शीत रंगांनी ते पृष्ठभाग पुढे-मागे न्यायचे आणि काही ठिकाणी आकाराची कड मुद्दाम विरघळू द्यायची, म्हणजे आकृती व पार्श्वभूमी एकमेकींत मिसळतात. ही युक्ती सेझानची. जुन्या थोर चित्रांच्या रचनेची चिकित्साही अभ्यासाचा भाग होती. विषय पूर्णपणे सोडून देणे मात्र लोत यांना मान्य नव्हते.

आक्षेप नेमका येथेच होता. पिकासो आणि ब्राक यांचे बंड लोत यांनी पाठ्यपुस्तकात बसविले, असे म्हटले गेले. त्यात तथ्य नाही असे नाही. मेनी जेलेट आणि एव्ही होन या आयरिश चित्रकर्त्री १९२१ मध्ये त्यांच्याकडे शिकल्या, पण शुद्ध अमूर्ताच्या ओढीने त्याच वर्षी आल्बेर ग्लेझ यांच्याकडे गेल्या. १९२७-२८ मध्ये शिकलेला आंरी कार्तिए-ब्रेसाँ सिद्धांतांच्या अतिरेकाला कंटाळून बाहेर पडला. तरीही छायाचित्रकार म्हणून जगभर नाव झाल्यावर त्याने या गुरूचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. त्याच्या छायाचित्रांची भौमितिक बांधणी पाहता ते पटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर भारतीयही येथे आले: कोलकात्याचे नीरद मजुमदार व परितोष सेन, सिमल्याचे रामकुमार आणि सबावाला. पॅरिसच्या कलाव्यवहारात परक्या असलेल्या या तरुणांना घरी नेता येईल अशी शिदोरी हवी होती. प्रतिभा शिकविता येत नाही, पद्धत शिकविता येते. लोत यांच्यावरील आक्षेप हाच या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्यांचा गुण ठरला असावा.

सबावाला १९५१ मध्ये मुंबईला परतले आणि त्याच वर्षी ताजमहाल हॉटेलात त्यांचे प्रदर्शन झाले. गुरूची भूमिती त्यांनी दशकभर सांभाळली. १९६० च्या दशकात तिच्यात प्रकाश आणि अवकाश शिरले, कडा सैलावल्या. रामकुमार अधिक दूर गेले. १९६० च्या वाराणसी भेटीनंतर त्यांच्या कॅनव्हासवरून माणसे नाहीशी झाली आणि निसर्गदृश्ये अमूर्ताकडे झुकली. लोत यांनी जी रेषा कधी ओलांडली नाही, ती त्यांच्या या शिष्याने ओलांडली. शाळा चालविणारे लोत १९६२ च्या जानेवारीत निवर्तले.