बेघर निवाऱ्यातील मानसिक आरोग्यसेवा

मनाच्या गंभीर आजाराने ग्रासलेला बेघर मनुष्य आपण होऊन रुग्णालयात जात नाही. केसपेपर काढण्यासाठी रांगेत उभे राहणे, नाव-पत्ता सांगणे, सोबत आलेल्या नातेवाइकाचे नाव लिहून देणे, पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच वारी हजर होणे, हे सारे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. त्याला पत्ता नसतो, सोबतीला कोणी नसते आणि पुष्कळदा आजारामुळेच त्याच्या मनात संशय व भीती घर करून बसलेली असते. उपचारांची गरज ज्याला सर्वाधिक, तोच उपचारांपासून सर्वांत दूर राहतो. म्हणून रुग्णाने सेवेकडे जाण्याऐवजी सेवेनेच त्याच्याकडे, तो जेथे रात्री पाठ टेकतो तेथे जावे, असा विचार पुढे आला. निवाऱ्याच्या आत मनोविकारतज्ज्ञ, परिचारिका व समाजसेवक यांनी नियमितपणे दिलेली सेवा, असे तिचे स्वरूप आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक शहरांत होत्या. अन्नाच्या हक्कासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत बारमाही निवारे उभारण्याचे आदेश दिले. पुढे २०१३ मध्ये आलेल्या केंद्रीय योजनेने शहरातील दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय आणि प्रत्येकासाठी पन्नास चौरस फूट जागा असे प्रमाण ठरवून दिले. निवारा आरोग्यसेवेशी जोडलेला असावा, असेही त्या योजनेत अपेक्षित होते. मात्र काळजीवाहकाच्या तुटपुंज्या मानधनावर चालणाऱ्या निवाऱ्यात मनोरुग्णाला बहुधा दारातूनच परत पाठविले जाते. तो रात्री ओरडेल, इतरांची झोप मोडेल, ही भीती अगदीच निराधार नसते. काळजीवाहकाला दोष देण्यापूर्वी त्याच्या मदतीला कोण आहे, हे विचारले पाहिजे.

प्रत्यक्ष काम फार संथ गतीने चालते. पहिल्या भेटीत औषधाचा विषय निघतच नाही. चहा, साबण, स्वच्छ कपडे, डोक्यातील उवा, पायाची जखम अशा गोष्टींपासून सुरुवात होते. रक्तक्षय, क्षयरोग, मधुमेह व दारूचे व्यसन यांची तपासणी आधी करावी लागते, कारण शरीराच्या आजारामुळेही मनुष्य भ्रमिष्टासारखा वागू शकतो. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, तर आकडी किंवा वात होऊन जिवाला धोका पोहोचतो. निवाऱ्याच्या कर्मचाऱ्याला एवढी एक गोष्ट ठाऊक असली तरी कोणाचे प्राण वाचू शकतात. औषधे कोणती द्यावीत, हेही राहणीवर अवलंबून असते. लिथियम हे औषध घेणाऱ्याच्या रक्ताची वेळोवेळी तपासणी करावी लागते. उन्हात पाण्यावाचून दिवस काढणाऱ्याच्या शरीरात त्याचे विष होऊ शकते. याउलट स्किझोफ्रेनियावरील काही इंजेक्शने दोन ते चार आठवड्यांतून एकदाच घ्यावी लागतात, त्यामुळे गोळ्या हरवण्याचा वा चोरीस जाण्याचा प्रश्न राहत नाही. तरीही सोयीचे म्हणून ते कोणाच्या इच्छेविरुद्ध टोचावे, असा याचा अर्थ होत नाही.

या बाबतीत अमेरिकेतील बोस्टन शहराचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथील पाइन स्ट्रीट इन या निवाऱ्यात १९७२ पासून परिचारिकांनी दवाखाना चालविला. १९८५ मध्ये डॉ. जिम ओकॉनेल हे तरुण डॉक्टर तेथे रुजू झाले, तेव्हा बार्बरा मॅकइनिस या ज्येष्ठ परिचारिकेने त्यांचा स्टेथोस्कोप बाजूला ठेवावयास लावला आणि आलेल्यांचे पाय कोमट पाण्याने धुण्याचे काम दिले. दिवसभर चालून सुजलेले ते पाय धुताना डॉक्टर रुग्णाच्या पायाशी बसलेला असतो. रुग्ण वर असतो, त्याच्यावर कोणी वाकलेले नसते. अनेक वर्षे सर्व डॉक्टरांना नकार देणाऱ्या एका वृद्ध मनोरुग्णाने काही आठवड्यांच्या अशा सेवेनंतर स्वतःच झोपेसाठी औषध मागितले, ही हकिगत डॉ. ओकॉनेल यांनी पुढे सांगितली आहे. मॅकइनिस या फ्रान्सिस्कन तृतीय संघाच्या प्रापंचिक सभासद होत्या. पवित्र गुरुवारच्या विधीची आठवण आपल्या वाचकांना येथे करून देण्याची गरज नाही.

भारतातही असे काम झाले आहे. चेन्नईत १९९३ मध्ये वंदना गोपीकुमार व वैष्णवी जयकुमार या दोन तरुणींनी बेघर मनोरुग्ण स्त्रियांसाठी ‘द बनियन’ ही संस्था सुरू केली. ज्यांना परतावयास घर उरले नाही, अशा स्त्रियांना चार-पाच जणींच्या गटाने साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहता यावे, ही सोयही तिने पुढे केली. कोलकात्यातील ‘ईश्वर संकल्प’ या संस्थेने रस्त्यावरील रुग्णाला उचलून नेण्याऐवजी जवळच्या चहावाल्याला वा दुकानदाराला हाताशी धरले. तोच रोजचे जेवण व गोळी देतो. २०१० मध्ये तिने मनोरुग्ण बेघर स्त्रियांसाठी निवाराही उघडला. आपल्या महाराष्ट्रात डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याने १९८८ मध्ये श्रद्धा पुनर्वसन संस्था स्थापन केली. नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिणारा एक तरुण त्यांच्या दृष्टीस पडला होता. उपचारानंतर तो आंध्रातील पदवीधर असल्याचे निष्पन्न झाले. कर्जत येथील त्यांच्या केंद्रातून हजारो रुग्ण देशभरातील आपापल्या घरी पोहोचले. डॉ. वाटवानी यांना २०१८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ख्रिस्तसभेसाठी हा विषय नवा नाही. सोळाव्या शतकात ग्रॅनाडा येथे धार्मिक पुस्तके विकणारे संत जॉन ऑफ गॉड यांना वेडे ठरवून राजेशाही रुग्णालयात डांबण्यात आले आणि तेव्हाच्या ‘उपचारा’प्रमाणे चाबकाचे फटके देण्यात आले. सुटकेनंतर त्यांनी गरीब, आजारी व निराश्रित यांच्यासाठी जे घर उघडले, त्यातूनच पुढे त्यांचा संघ उभा राहिला.

परंतु करुणेने उघडलेले घरही तुरुंग बनू शकते, हे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी आश्रयगृहाला आग लागली, तेव्हा साखळदंडाने बांधलेल्या २८ मनोरुग्णांचा जळून मृत्यू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने कोणत्याही मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. मनोरुग्णांना उपचार वा पुनर्वसनासाठी ठेवून घेणाऱ्या संस्थेला, मग ती आश्रम म्हणविणारी असो वा धर्मसंघाची, नोंदणी करावी लागते. सेवाभाव हा नोंदणीला पर्याय नव्हे. साध्या निवाऱ्याने तर मनोरुग्णालय होण्याचा प्रयत्नच करू नये. तेथे येणाऱ्यांना छत असावे, ठरलेल्या दिवशी ठरलेला डॉक्टर यावा आणि प्रकृती बिघडल्यास शासकीय रुग्णालयात नेण्याची व्यवस्था असावी. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

याच कायद्यानुसार निराधार व बेघर व्यक्तींना शासकीय मानसिक उपचार विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती भटकताना आढळल्यास तिला संरक्षण देणे आणि चोवीस तासांच्या आत शासकीय आरोग्यसंस्थेत तपासणीसाठी नेणे हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. व्यक्ती बेघर असल्यास तिच्याविषयी हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोध घेणेही त्याच्यावर बंधनकारक आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. चर्चच्या आवारात वा बाजारात अशी व्यक्ती दिसल्यास पोलिसांना या तरतुदीची आठवण करून द्यावी. सल्ल्यासाठी ‘टेली मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. रुग्ण घरी परतल्यावर खरी कसोटी औषधांची असते. काही महिन्यांत गोळ्या संपतात, जिल्हा रुग्णालय दूर असते आणि तो पुन्हा एखाद्या गाडीत बसतो. म्हणून त्याला घरी पोहोचविणाऱ्या कार्यकर्त्याने पुढील औषध कोठे व कोणत्या वारी मिळेल, हे कुटुंबाला लिहून दिल्याशिवाय परतू नये.