माशी, चाळिशी आणि एक हिरवा ठिपका

बंदुकीच्या नळीच्या टोकावर नेम धरायला जो बारकासा उंचवटा असतो, त्याला मराठीत 'माशी' म्हणतात. झकास शब्द आहे. नळीवर खरंच माशी येऊन बसल्यासारखी दिसते ती. हा शब्द आठवायचं कारण म्हणजे ॲरिझोनातला माझा आतेभाऊ. गेली वीस वर्षं तो रविवारी रेंजवर जाऊन कागदी चकत्यांवर रिव्हॉल्व्हर झाडतोय. (आत्या अजून हे शेजारी कोणाला सांगत नाही!) परवा फोनवर म्हणाला, "अरे, माशीच दिसेनाशी झालीय. फायबर ऑप्टिकची बसवावी म्हणतो. लाल घेऊ का हिरवी?"

बावन्न वर्षांचा झालाय तो. चाळिशी त्याला उशिरा लागली, एवढंच.

मी नेमबाज नाही, पण प्रश्न डोक्यात राहिला आणि वाचत वाचत बराच मागे गेलो. १८५१ च्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरवर माशी म्हणजे पितळेचा एक मणी होता. मागची खाच तर आणखी गमतीशीर. ती घोड्यावरच कोरलेली, म्हणजे घोडा चढवला तरच खाच दिसणार. १८७३ च्या कोल्टवर पितळी मण्याजागी अर्धचंद्रासारखं पातं आलं, आणि मागे चौकटीच्या माथ्यावर नुसती एक पन्हळ. जवळच्या माणसावर झाडायचं हत्यार ते, त्याला यापेक्षा जास्त लागत नव्हतं.

पुढे कागदावर नेमबाजीच्या चुरशी सुरू झाल्या आणि हे भागेना. गोल मण्याचा नेमका माथा कुठला, हा वादच असतो. १८९० च्या दशकात पॅट्रिज नावाच्या एका अमेरिकन नेमबाजाने सरळ चौकोनी, सपाट माथ्याची काळी माशी आणि मागे चौकोनी खाच असा जोड काढला. दोन्हींचे माथे एका रेषेत, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. झालं! आजही बहुतेक पिस्तुलांवर याचीच नातवंडं बसलेली असतात.

पण काळ्या चकतीवर काळी माशी... आणि डोळे पन्नाशीचे. म्हणून मणी पुन्हा आला. माँटानाचा एड मॅकगिव्हर्न हा माझा या सगळ्यातला आवडता माणूस. १९३२ साली याने रिव्हॉल्व्हरमधून पाच गोळ्या ०.४५ सेकंदात झाडल्या. तेव्हा वय ५७! त्याने पॅट्रिजच्या काळ्या पात्यातच सोन्याचा ठिपका बसवलेली माशी पसंत केली, आणि स्मिथ अँड वेसनने ती त्याच्याच नावाने विकली. त्या कंपनीची .३५७ मॅग्नम १९३५ साली निघाली, तेव्हा गिऱ्हाइकाने नळीची लांबी सांगायची, माशी निवडायची, आणि मग रिव्हॉल्व्हर बनायची. शिंप्याकडे माप द्यावं तसं. नंतर लाल प्लॅस्टिकचा तुकडा बसवलेल्या माशाही निघाल्या.

म्हणजे भांडण जुनंच आहे. नेमकी कड हवी, की पटकन दिसणारा ठिपका हवा?

फायबर हा या भांडणातला नवा गडी. वाकड्या वाटेने उजेड नेता येतो हे जिनिव्हात कोलाडोंने १८४१ मध्ये पाण्याच्या धारेत दाखवलं. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्याबरोबर १९५४ मध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पाठवून दाखवलं. माशीतला तंतू मात्र काचेचा नसतो, चमकणारा रंग मिसळलेल्या प्लॅस्टिकचा असतो. तो अंगभर उजेड पितो, आतल्या आत नवा उजेड सोडतो, आणि त्यातला काही आतच उड्या मारत टोकाने बाहेर पडतो. बॅटरी नाही, काही नाही. कणभौतिकीच्या प्रयोगांत याच जातीचे तंतू वापरतात.

आता आतेभावाचा प्रश्न. दिवसाउजेडी माणसाचा डोळा सगळ्यात तल्लख असतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्याला. म्हणून हिरवा. पण मागे गवत असेल तर हिरवा हरवतो, तिथे लाल बरा. (लाल-हिरव्याची गल्लत असणाऱ्या पुरुषांचं वेगळं.) जाडीचंही तेच. दीड मिलिमीटरचा तंतू पटकन सापडतो, पण भर उन्हात फुलतो आणि चकतीचा मधला भाग गिळतो. एक मिलिमीटरचा बरा. मुख्य गोम पुढे आहे. ठिपका पात्याच्या माथ्याच्या जरा खाली असतो. चुकून माथ्याऐवजी ठिपकाच खाचेच्या कडेशी जुळवला, तर माशी वर उचलली जाते. खाच आणि माशीत २०० मिमी अंतर धरा, एका मिलिमीटरची चूक २५ मीटरवर साडेबारा सेंटिमीटर होते. गोळी वर! म्हणजे कडेने नेम धरायची सवय सोडायची नाही, ठिपका फक्त माशी सापडायला.

आणखी दोन उणिवा. अंधारात तंतू मुका, आणि तो तुटतो. सफाईची काही द्रावणंही त्याला चालत नाहीत. नवा तुकडा कापून टोकं लायटरने वितळवली की घट्ट बसतो. आतेभावाची रुगर जीपी-१०० आहे, तिच्यात टोकाची एक खीळ दाबली की माशी निघते. नळीतूनच कोरलेली माशी असती तर कारागीर गाठावा लागला असता.

पण फायबरने धूसर दिसणं जात नाही. खाच हातभरावर, माशी त्याहून वीतभर पुढे, चकती पंचवीस मीटरवर. डोळा एका वेळी एकच स्पष्ट दाखवणार. नेमबाज माशी निवडतात. चाळिशीनंतर नेमकी तीच फिसकटते, आणि वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतराचा असल्याने इथे उपयोगी पडत नाही. काळी कड धूसर झाली की करडी होऊन विरते. हिरवा ठिपका धूसर झाला तरी ठिपकाच राहतो. एवढीच त्याची कमाई, पण आतेभावाचा रविवार त्यावर उभा आहे.

मी म्हटलं, आधी चष्मेवाल्याकडे जा, आणि हात ताणून माशीचं अंतर मोजून ने. त्याने मुठीत टीव्हीचा रिमोट धरला आणि वहिनीने टेप लावली. ७४ सेंमी भरलं. नेमाच्या डोळ्याला त्या अंतराची काच होतेय. माशी मागवलीय, हिरवी, एक मिलिमीटरची.