भाषा शिकून फौजेत गेलं, तर फक्त भाषेचंच काम मिळतं का?

भरतीची तयारी करणारी पोरं रोज पहाटे आमच्या बांधावरून पळत जातात. त्यातल्या एकानं परवा थांबून विचारलं, “काका, चिनी भाषेचा क्लास लावू का? लष्करात दुभाषी म्हणून घेतात म्हणे. मग बंदूक धरायची गरज नाही, बदल्या नाहीत.” क्लासवाल्यानं त्याला असंच सांगितलं होतं. फी काही थोडीथोडकी नाही, वडील शेळ्या विकायला निघाले होते. म्हणून हे लिहितोय.

सरळ उत्तर असं, की बंदूक धरावीच लागते आणि भाषेबाहेरचं कामही करावं लागतं. भाषा येणारा जवान आधी जवान असतो.

आपल्या लष्करात दुभाष्यांची वेगळी पलटण नाही. अग्निवीर भरतीत जनरल ड्युटी, टेक्निकल, क्लार्क-स्टोअरकीपर आणि ट्रेड्समन हे मुख्य गट आहेत. त्यात दुभाषी हा गट नाही. परकी भाषा शिकवतात ती बहुतेक वेळा सेवेत आल्यावर. दिल्लीत संरक्षण खात्याचं ‘स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेस’ १९४८ पासून आहे, तर मध्य प्रदेशात पचमढीला आर्मी एज्युकेशन कोअरचं कॉलेज आहे. तिथं शिकणारा अधिकारी मूळचा पायदळाचा, तोफखान्याचा किंवा सिग्नलचा असतो. चुशूल, नथू ला, बूम ला अशा ठिकाणी चिनी अधिकाऱ्यांशी बैठक असली की दुभाषी लागतोच. ते काम संपलं की माणूस परत आपल्या पलटणीत. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर सुगीत पोतीही उचलतो, तसंच हे.

२०२३ साली प्रादेशिक सेनेनं, म्हणजे टेरिटोरियल आर्मीनं, चिनी भाषेचे जाणकार खास भाषेसाठी घेतले हे खरं आहे. क्लासवाले त्याचीच बातमी दाखवतात. पण ती माणसं अगदी मोजकी होती.

अमेरिकेत मात्र भाषा हा लष्करातला स्वतंत्र ट्रेडच आहे. कॅलिफोर्नियात माँटेरे इथं त्यांची मोठी भाषाशाळा आहे. स्पॅनिशला ३६ आठवडे, तर चिनी, अरबी, कोरियनला ६४ आठवडे शिकवतात. एवढा खर्च केलेल्या माणसाला तरी दुसरीकडं पाठवू नये, असं आपल्याला वाटेल. पण पाठवतात. भरती केंद्रावर, नाहीतर नव्या रंगरूटांना कवायत शिकवायला अशा नेमणुका होतात आणि त्यात दोन-तीन वर्षं जातात. पहारा, गाड्यांची देखभाल हे तर रोजचंच. तेवढ्या काळात भाषेला गंज चढतो, पण भाषेची परीक्षा चुकत नाही. आणि भाषेचा जादा भत्ता त्या परीक्षेच्या गुणांवर मिळतो. खरी अडचण ती आहे. ट्रेड बदलून मागता येतो, पण ज्या ट्रेडमध्ये माणसं कमी, तिथून सहजी सोडत नाहीत. कुणाची कुठं गरज हे लष्कर ठरवतं.

आपल्या माणसांशी जोडलेलं एक उदाहरण आहे. २००८ साली अमेरिकेनं एक योजना काढली. नागरिकत्व नसलेल्या, पण हिंदी, पंजाबी, उर्दू अशा भाषा येणाऱ्यांना लष्करात घेतलं. १० हजारांहून जास्त लोक त्यातून भरती झाले, त्यात भारतीयही होते. भाषेच्या जोरावर घेतलं खरं, पण बऱ्याच जणांना साधी कामं मिळाली. कुणी स्वयंपाकघरात, कुणी सामान पुरवठ्यात. गुप्तवार्तेच्या कामाला आधी सुरक्षा तपासणी पार करावी लागते, तिथं ते अडले. नागरिकत्व मात्र लवकर मिळालं. २०१६ मध्ये ही भरती थांबली.

दुभाष्याच्या हातात बंदूक कशी येते, ते रॉय मात्सुमोतो या जवानाकडं बघून कळतं. हा जपानी वंशाचा अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात त्याला स्वतःला अमेरिकेनंच छावणीत कोंडलं होतं, आणि हा १९४४ साली ब्रह्मदेशच्या जंगलात त्याच अमेरिकेसाठी लढत होता. न्फुम गा इथं त्याची तुकडी वेढ्यात सापडली. रात्री तो सरपटत जपान्यांच्या जवळ जायचा आणि त्यांचं बोलणं ऐकायचा. पहाटेच्या हल्ल्याचा बेत कळल्यावर तुकडीनं ते खंदक रिकामे करून त्यात सापळे लावले. पहिला हल्ला फसला, मागचे जपानी बिचकले, तेव्हा यानं उभं राहून जपानीत चढाईचा हुकूम ओरडला. ते पुढं आले आणि गोळीबारात सापडले. भाषा होती म्हणून तुकडी वाचली, पण ते काम टेबलावर बसून झालं नाही.

भाषा शिकू नका असं मी म्हणत नाही. आवड असेल, ऐपत असेल तर शिका, बाहेर कंपन्यांतही उपयोग होतो. पण फी भरण्याआधी ‘जॉइन इंडियन आर्मी’च्या सरकारी संकेतस्थळावर चालू जाहिरात उघडा आणि पदांची नावं स्वतः वाचा. प्रादेशिक सेनेची जाहिरात वेगळी निघते, तिच्या अटीही वेगळ्या असतात. क्लासवाला नोकरीची खात्री देत असेल, तर ती कागदावर लिहून मागा.