आधी पकड, मग लढत

‘चंदू चॅम्पियन’ या चित्रपटामुळे २०२४ मध्ये मुरलीकांत पेटकर हे नाव घरोघरी पोचले. १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक जिंकले, हेही आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण पेटकर मूळचे पोहणारे नव्हेत. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरची कुस्ती आणि पुढे लष्करातले मुष्टियुद्ध, ही त्यांची घडण. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे अंग लुळे पडले आणि उपचार म्हणून ते पाण्यात उतरले.

ही कथा सांगणारे इथून जिद्दीकडे वळतात. मला वेगळा प्रश्न पडतो: हातांत एवढे बळ असलेला हा मुष्टियोद्धा रिंगणात का परतला नाही? चाकाच्या खुर्चीतून ठोसे लढवण्याची सोयच स्पर्धेत नव्हती. मुष्टियुद्ध पॅरालिम्पिकमध्ये आजही नाही. तलवारबाजीने मात्र १९६० च्या रोम स्पर्धेतच वाट काढली होती. खुर्च्या चौकटीत घट्ट बसवायच्या. मग मागे सरायला दोघांनाही जागा नाही. वार चुकवायचा तो धड वळवून.

ज्यूदोने तर याहूनही थोडक्यात भागवले. अंध खेळाडूंचा ज्यूदो १९८८ साली सोलला पॅरालिम्पिकमध्ये आला. नेहमीच्या ज्यूदोत पकड मिळवण्यासाठीच निम्मी झटापट होते. इथे दोघांनी एकमेकांच्या जाकिटाला धरल्यावरच पंच लढत सुरू करतो. पकड सुटून दोघे दूर झाले, की थांबवून पुन्हा धरायला लावतो. एवढ्या एका बदलावर मध्य प्रदेशच्या कपिल परमारने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले.

आपल्याकडे हे परके वाटू नये. मल्लखांब हा मल्लांचाच व्यायाम, आणि उदय देशपांडे यांनी तो दृष्टिहीन मुलांनाही शिकवला. खांब अंगाला कळतो. कुस्तीतही डाव बसतो तो स्पर्शावरच. डोळे लागतात ते पहिल्या झटापटीपुरते. घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी ज्यूदोची मॅट आणायला पैसे जमवावे लागतील. मातीला ते लागत नाहीत. सलामीनंतर वस्तादाने दोघांचे हात एकमेकांच्या मानेवर ठेवून द्यायचे आणि बाजूला व्हायचे.