जमीन राखणाऱ्या नव्या विश्वस्तांसाठी

प्रस्तावना

संस्थेच्या कार्यकारी मंडळावर या, असे निमंत्रण आले की बहुतेकांना आधी संकोच वाटतो. त्यातून संस्था जमिनीच्या संरक्षणाचे काम करणारी असेल, तर तो दुणावतो. आपल्याला ना झाडांची शास्त्रीय नावे ठाऊक, ना कायद्याची कलमे. आपण तिथे जाऊन करणार काय, असे निवृत्त शिक्षक विचारतात, बँकेत हयात घालवलेले विचारतात, मागावर बसणारे आणि दोन एकर भात करणारेही विचारतात. ही पुस्तिका त्या सर्वांसाठी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि सीमेपलीकडचे चंदगड या पट्ट्यात असे पद विनामोबदला स्वीकारणाऱ्या वाचकांनी ती परीक्षेच्या पुस्तकासारखी वाचू नये. सवडीने, हवे तिथून वाचावी.

हे काम लक्ष देण्याजोगे का आहे, हे समजण्यासाठी लांब जावे लागत नाही. शहापूर, वडगाव, खासबाग हा बेळगावचा भाग बाहेरच्यांना मागावरच्या साड्यांमुळे ठाऊक असतो. पण इथल्या गल्ल्या संपतात तिथे शिवार सुरू होते, आणि येळ्ळूर, हलगा, मच्छेपर्यंत पसरलेल्या त्या शिवारानेच सुवासिक ‘बेळगाव बासमती’ला नाव मिळवून दिले. याच शिवारातून बळ्ळारी नाला वाहतो. गाळ, जलपर्णी आणि अतिक्रमणाने तो अरुंद झाला, की पावसाळ्यात पाणी भातात शिरते आणि दिवसेंदिवस तिथेच साचून रोपे कुजवते. याच शिवारातून हलगा–मच्छे बायपास काढायचे ठरले, तेव्हा शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे रस्त्यावर आणि कोर्टात झुंज दिली. रस्ता हवा की नको यावर मतभेद असू शकतील. पण सुपीक जमीन एकदा भरावाखाली गेली की ती पुन्हा पिकाखाली येत नाही, याबद्दल दुमत नाही.

शहराच्या उंबऱ्यावरचे हे शिवार ही झाली एक बाजू. दुसरी बाजू सह्याद्रीची. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य डिसेंबर 2011 मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर आहे. तिथल्या बारापेडे गुहांत राउटनचे वटवाघूळ राहते. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही जात जगात फक्त याच गुहांतून माहीत होती. पुढे ती मेघालयात आणि कंबोडियात सापडली. आता आंबोलीकडे पाहा. तिथे हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळच्या देवळाच्या कुंडात एका छोट्या माशाची नवी जात आढळली आणि 2021 साली महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. क्षेत्र किती? 2.11 हेक्टर, म्हणजे पाच एकरांहून थोडे अधिक. तीच हिरण्यकेशी पुढे आजरा, गडहिंग्लज करत आपल्या संकेश्वरला येते. आमची संस्था लहान, आमच्या हाती येऊन येऊन येणार किती जमीन, असे ज्यांना वाटते त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

जमीन सामूहिकपणे राखण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना गावोगाव असे जंगलाचे तुकडे आढळले की जिथली वाळकी काटकीदेखील कुणी उचलत नव्हते. त्या राईला कुंपण नव्हते. देवाचा धाक, गावचे पंच आणि मानकरी यांच्या जिवावर ती शतकानुशतके टिकली. पुढे धाक ओसरला, मानकऱ्यांची मुले शहरात गेली, आणि काही ठिकाणी तर देवळाच्या जीर्णोद्धारासाठीच राईतली झाडे विकली गेली. राखणाऱ्यांची साखळी तुटली की जमीन उघडी पडते, हा या अभ्यासातून मिळणारा धडा आहे. नव्या विश्वस्ताला ज्या खुर्चीवर बसायचे आहे, ती त्याच साखळीतली एक कडी आहे.

जगात इतरत्र हीच गरज संस्थांनी भागवली. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 1891 साली जमिनीचे तुकडे लोकांसाठी कायमचे राखून ठेवणारे विश्वस्त मंडळ स्थापन झाले. इंग्लंडमध्ये 1895 साली नॅशनल ट्रस्ट उभा राहिला. पुढे अमेरिकेतील संस्थांनी आणखी एक वाट काढली. जमीन मालकाकडेच राहते, तो ती कसतो, वारसांना देतो. फक्त तिथे बांधकाम करण्याचा हक्क तो करार करून कायमचा सोडतो. आपल्याकडे अशा करारासाठी स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे परदेशी पुस्तकांतले नमुने इथे जसेच्या तसे लागू पडतील, अशी अपेक्षा तुम्ही ठेवू नये.

विकत घेण्याचा मार्गही आपल्याकडे सरळ नव्हता. कर्नाटकाच्या भूसुधारणा कायद्यातील 79 ब हे कलम धर्मादाय संस्थांना शेतजमीन धारण करू देत नव्हते. ते 2020 साली काढून टाकले गेले. संस्थांची वाट त्यामुळे मोकळी झाली. पण त्याच दुरुस्तीने बिगरशेतकरी खरेदीदारांचीही झाली, हे विसरून चालणार नाही. सीमेपलीकडे महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यावर अजूनही निर्बंध आहेत. म्हणून आपल्याकडे मालकाशी समजुतीने करार करण्याच्या पद्धतीला महत्त्व आहे. पुण्याच्या ‘ॲप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर भागात हे करून दाखवले आहे. कोकणात पुष्कळसे जंगल खासगी मालकीचे असते आणि अडचणीच्या वेळी ते तोडीसाठी विकले जाते. ठरावीक वर्षे झाडे न तोडण्याच्या बदल्यात मालकाला मोबदला देणे आणि बेहड्यासारख्या वनोपजाला चांगला भाव मिळवून देणे, अशी तिची रीत आहे. सदिच्छेला पैशाचा आधार दिला की ती टिकते, हे त्यातून दिसते.

इतिहासातला एक इशाराही लक्षात घ्यायला हवा. एप्रिल 1951 मध्ये तेलंगणातील पोचमपल्लीत विनोबांच्या भूदानाला सुरुवात झाली आणि बघता बघता लाखो एकरांची दानपत्रे जमा झाली. मात्र त्यांतली बरीच जमीन भूमिहीनांपर्यंत पोहोचलीच नाही. कुठे नोंदी अपुऱ्या होत्या, कुठे मालकी वादात होती, कुठे नुसता खडक दान झाला होता. विनोबांइतके नैतिक बळ कुणापाशी असणार? तरीही कागदाची उणीव त्या बळाने भरून निघाली नाही. या पुस्तिकेत निम्म्याहून अधिक पाने कागदपत्रांना का दिली आहेत, याचे उत्तर इथे आहे.

तेव्हा सुरुवात उताऱ्यापासून करू. आपल्या भागातील उतारा, म्हणजे आरटीसी किंवा पहाणी, कन्नडमध्ये असतो आणि त्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहिलेले असते. चंदगड तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. आज मात्र तिथे मराठी सातबारा आणि हेक्टर-आर असा हिशेब चालतो. डोंगर एक, ओढा एक, कागद दोन. म्हणून मंडळात दोन्ही भाषांतले दप्तर वाचू शकणारा निदान एक सदस्य हवाच. कन्नड येत नसेल तर लाजू नका. शेजारच्या सदस्याला सोबत बसवून ओळीने वाचून घ्या. कर्नाटकाच्या उताऱ्यात क्षेत्राच्या रकान्यात एकूण क्षेत्राखाली ‘खराब अ’ आणि ‘खराब ब’ अशा नोंदी दिसतील. ‘अ’ म्हणजे त्या सर्व्हे नंबरातली लागवडीला न येणारी जागा, खडक वगैरे. ‘ब’ म्हणजे सार्वजनिक वापराची जागा: नाला, गाडीवाट, पायवाट. समजा, चार एकरांच्या नंबरात 12 गुंठे ‘ब’ खराब आहे. तेवढी जागा खातेदाराची नाही. बहुधा तिथून ओढा जात असतो. जागेवर ओढा किंवा वाट दिसत नसेल, तर ती कुणीतरी बुजवली असण्याची शक्यता आहे. एका छोट्या नोंदीवरून एवढा उलगडा होतो. त्यानंतर इतर हक्क आणि बोजाचा रकाना वाचा. सोसायटीचे कर्ज, कोर्टाचा मनाई हुकूम, कुळाचा हक्क, सगळे तिथे सापडते.

कागद वाचून झाला की शिवारात जावे, आणि एकदाच जाऊन थांबू नये. नाला मे महिन्यात पाहिला तर त्याची रुंदी कळते. आषाढात पाहिला तर त्याचे पाणी कुठवर चढते ते कळते. सोबत तिथला कसणारा माणूस हवा. हद्दीचा दगड कुठे होता, वहिवाट कुणाची आहे, गायरानात पूर्वी किती जनावरे चरत, हे त्याला तोंडपाठ असते. त्याच्याशी बोलताना आपण त्याला निसर्ग शिकवायला आलो आहोत, असा सूर चुकूनही लागू देऊ नका. ज्याच्या घरी मुलीचे लग्न आहे आणि भाताला भाव नाही, त्याने प्लॉट पाडणाऱ्या दलालाला होकार दिला, तर त्याला दोष देण्याआधी आपल्यापाशी त्याच्यासाठी दुसरा कोणता पर्याय आहे, हे स्वतःला विचारावे.

उरतो बैठकीचा आणि हिशेबाचा भाग. नवे सदस्य याला रटाळ समजतात, पण या बाबतीत आपल्या गावाला अभिमानास्पद वारसा आहे. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांड्यांनी त्याची व्यवस्था पाहिली. एवढा मोठा व्याप आटोपल्यावर सगळा खर्च भागून 773 रुपये शिल्लक राहिले, आणि तेही चोख नोंदले गेले. स्वयंसेवकांच्या हिशेबाला याहून मोठे प्रमाणपत्र नाही. आजचे नियमही फार अवघड नाहीत. महाराष्ट्रात नोंदलेल्या न्यासाने विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो आणि धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून न्यासाची स्थावर मालमत्ता विकता येत नाही. कर्नाटकात 1960च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेने वार्षिक सभेनंतर कार्यकारिणीची यादी आणि ताळेबंद निबंधकांकडे पाठवायचा असतो. हे वेळेवर झाले नाही तर बँक खाते अडते, देणगी अडते, आणि ऐन वेळी कोर्टात संस्थेच्या वतीने उभे कुणी राहायचे, हाच वाद होऊन बसतो.

एक गोष्ट कायद्यात असो वा नसो, तुम्ही पाळावी. ज्या गावात तुमची, भावकीची किंवा व्यवसायातील भागीदाराची जमीन आहे, त्या गावचा विषय निघाला की तसे आधी सांगा, इतिवृत्तात लिहून घ्या आणि चर्चा संपेपर्यंत बाहेर बसा. संस्थेकडे आलेली माहिती जमिनीच्या बाजारात सोन्याच्या मोलाची असते. गावाचा विश्वास एकदा गेला की दहा चांगल्या कामांनीही तो परत येत नाही.

पुढील प्रकरणांची मांडणी याच क्रमाने केली आहे: आधी प्रदेश, मग कागद, मग करार, शेवटी बैठक आणि हिशेब. ज्यांना वनस्पती आणि पक्ष्यांची गोडी आहे त्यांनी पहिल्या भागापासून सुरुवात करावी. आकडेमोडीत रमणाऱ्यांनी खुशाल शेवटून यावे. सगळे एकट्याला यायलाच हवे, असा आग्रह नाही. मंडळ असते ते त्यासाठीच.

वाचकांना एवढीच विनंती. पहिल्या बैठकीला येण्याआधी संस्थेच्या ताब्यातल्या कोणत्याही एका जागेचा ताजा उतारा काढा, तो हातात घेऊन ती जागा चारी बाजूंनी फिरून या, आणि कागद व जमीन यांत जिथे फरक दिसेल तिथे खूण करा. तुमचा पहिला प्रश्न त्या खुणेबद्दलचा असू द्या. तो विचारायला कोणत्याही पदवीची गरज नाही, आणि त्याचे उत्तर देणे मंडळातील प्रत्येक जुन्या सदस्याचे कर्तव्य आहे.

खासबाग, बेळगाव