संगणकावरची उमेदवारी

निवडणुकीच्या बातम्यांनी ताबा घेण्यापूर्वी ‘उमेदवारी’ या शब्दाचा मराठीत आणखी एक अर्थ रूढ होता: पेढीवर किंवा कारखान्यात तुटपुंज्या पगारावर, प्रसंगी बिनपगारी, राबून काम शिकणे. सॉफ्टवेअरच्या धंद्यातील उमेदवारीचा विचार करताना १९७८ सालची मुंबई आठवते.

त्या वर्षी पवईच्या आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेले नंदन निलेकणी पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्स या तेव्हाच्या लहानशा कंपनीत नोकरीसाठी गेले. मुलाखत घेतली नारायण मूर्ती यांनी. स्वतः मूर्तींनी त्यापूर्वी १९७६ साली पुण्यात ‘सॉफ्ट्रॉनिक्स’ ही कंपनी काढली होती. ती दीडेक वर्षांत बुडाली आणि ते नोकरीत आले. नवख्याची पारख करणारा माणूस असा नुकताच ठेचाळलेला होता, हे विसरू नये.

अनुभव विचारावा तरी कोणाला? संगणक मोजके होते, परदेशी यंत्राच्या आयातीला परवाना लागे, आणि परकीय चलन नियमन कायद्याच्या अटी अमान्य करून आयबीएम त्याच सुमारास देशाबाहेर पडली होती. धंदाच अननुभवी होता. म्हणून नवख्याची बुद्धी पाहिली जाई, पूर्वीच्या नोकऱ्या नव्हेत.

तीनच वर्षांनी, १९८१मध्ये, मूर्ती, निलेकणी आणि आणखी पाच सहकाऱ्यांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर पुण्यात इन्फोसिस काढली. कंपनीजवळ स्वतःचा संगणक नव्हता. परवान्यासाठी दिल्लीच्या खेपा चालू होत्या आणि प्रोग्रॅमर अमेरिकेत ग्राहकाच्या यंत्रावर काम करीत. कालचा उमेदवार आता मालकांपैकी एक होता, तरी उमेदवारी संपली नव्हती.

पुढे चित्र पालटले. मोठ्या कंपन्या महाविद्यालयांतून मुले घाऊक निवडू लागल्या आणि त्यांना शिकवू लागल्या. म्हैसूरचे इन्फोसिसचे प्रशिक्षण केंद्र त्याचीच साक्ष. उलट, नव्याने उभ्या राहणाऱ्या लहान कंपन्या आज अनेकदा पहिल्याच जाहिरातीत दोन-तीन वर्षांचा अनुभव मागतात. त्यांची अडचण खरी आहे: भांडवल थोडे, वेळ त्याहून थोडा, शिकवायला माणूस नाही. पण १९७८ सालच्या त्या लहान कंपनीजवळही यांतले फारसे काही नव्हते. नवख्याला यंत्रासमोर बसवण्याची जोखीम मात्र तिने घेतली.