दोन शिलिंग आठ पेन्स

इंग्लंडमधल्या अनुदानित प्राथमिक शाळांत १८६२ साली मुलाच्या नापास होण्याची किंमत ठरली. शिक्षण समितीचे उपाध्यक्ष रॉबर्ट लोव यांच्या सुधारित नियमावलीनुसार, पुरेशी हजेरी असलेल्या सहा वर्षांवरील प्रत्येक मुलामागे शाळेला आठ शिलिंग मिळू शकत. त्यासाठी त्या मुलाने सरकारी तपासनिसासमोर वाचन, लेखन आणि अंकगणित या तिन्ही विषयांत उत्तीर्ण व्हायचे. एका विषयात नापास झाला की दोन शिलिंग आठ पेन्स, म्हणजे बरोबर तिसरा हिस्सा, कापला जाई. ही पद्धत ‘निकालानुसार मोबदला’ या नावाने ओळखली गेली. शिक्षण स्वस्त नसेल तर निदान परिणामकारक असावे आणि परिणामकारक नसेल तर स्वस्त तरी असावे, असा लोव यांचा हिशेब होता.

या परीक्षेतला अभ्यासक्रम मात्र पुस्तकी नव्हता, हे आज लक्षात घेतले जात नाही. सर्वांत वरच्या, सहाव्या इयत्तेला वर्तमानपत्रातला साधा परिच्छेद वाचून दाखवायचा, तसाच एक ऐकून लिहायचा आणि मालाच्या खरेदीची बिले मांडायची, अशी अपेक्षा होती. खालच्या इयत्तांना पैशांचे आणि वजनमापांचे हिशेब होते. कामकऱ्याच्या मुलाला जगात वावरायला जे लागेल, तेच नियमावलीत मांडले होते.

बिघडले ते मोजणीत. मास्तरांचे उत्पन्न निकालाला बांधले गेल्याने वर्षभर तेवढ्याच एका पुस्तकाची घोकंपट्टी होऊ लागली. कवी आणि शाळा तपासनीस मॅथ्यू आर्नल्ड यांनी १८६७ च्या अहवालात लिहिले, की मुलांना वाचता, लिहिता किंवा हिशेब करता येत नसतानाही या परीक्षांत उत्तीर्ण करून घेणे शक्य आहे. इतिहास, भूगोल यांना पैसे नव्हते, म्हणून ते मागे पडले. सरकारचा खर्च मात्र कमी झाला: १८६१ मध्ये आठ लाख पौंडांहून अधिक असलेले अनुदान १८६५ मध्ये साडेसहा लाखांच्या आत आले. ही पद्धत पूर्णपणे संपायला १८९० चे दशक उजाडावे लागले.

हे तत्त्व समुद्र ओलांडून आपल्याकडेही आले. मुंबई इलाख्यात खासगी शाळांना अनुदान देताना निकालच पाहिला जाई. या व्यवस्थेच्या काळातच, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेत मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य हे विषय असावेत, असे त्यांनी मागितले. लोव यांच्या यादीत वाचन आणि हिशेब होते, तसे फुल्यांच्याही होते. पण एकाने करदात्याकडून पाहिले, दुसऱ्याने कुणब्याच्या पोराकडून. ‘व्यवहारोपयोगी’ हा शब्द कोणाच्या व्यवहारासाठी वापरला जातो, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात हा प्रश्न नव्या रूपात परतला. वाचनाला ‘साक्षरता’ म्हणतात, तसा आकडेमोडीसाठी ‘न्यूमरसी’ हा शब्द १९५९ च्या क्राउदर अहवालाने रूढ केला. १९८२ च्या कॉकक्रॉफ्ट समितीसाठी प्रौढांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. विषय गणिताचा आहे हे कळताच विचारलेल्यांपैकी निम्म्यांनी नकार दिला. १९९९ च्या मोझर अहवालाने तर साऱ्यांनाच हादरवले: टेलिफोनच्या व्यावसायिक सूचीची अकारविल्हे अनुक्रमणिका दिली, तरी दर पाचांतल्या एका प्रौढाला प्लंबरांचे पान सापडत नव्हते. हे लोक शाळेत गेलेले होते.

त्यातून ‘फंक्शनल स्किल्स’ नावाची पात्रता घडली. इंग्रजी, गणित आणि माहिती तंत्रज्ञान अशा तीन विषयांच्या चाचण्या २००७ पासून प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. इंग्रजीत वाचन आणि लेखनाबरोबर बोलणे-ऐकणेही तपासले जाई. गणितात सुटी बेरीज-वजाबाकी देण्याऐवजी रोजच्या व्यवहारातला प्रसंग देऊन त्यातून हिशेब काढायला सांगत. २०१९ च्या सुधारणेत मात्र गणिताच्या एक चतुर्थांश गुणांसाठी कॅल्क्युलेटर बंद झाला आणि लेखनाच्या परीक्षेत शब्दकोश व स्पेलचेक वर्ज्य ठरले. कचेरीत ज्या साधनांवाचून कोणी बसत नाही, ती परीक्षेत काढून घेतली गेली.

संगणकाचे तर आणखी अवघड. पत्र टंकणे, तक्ता भरणे हेच शाळेत शिकवले जाते, अशी तक्रार वाढली. रॉयल सोसायटीने जानेवारी २०१२ च्या अहवालात तिला दुजोरा दिला. २०१४ पासून राष्ट्रीय अभ्यासक्रमात प्रोग्रामिंगवर भर देणारा ‘कम्प्युटिंग’ विषय आला. आजचे व्यवहारोपयोगी उद्या शिळे होते, हे या विषयाने सर्वांत लवकर दाखवले.

आता पुन्हा पैशांकडे वळू. ॲलिसन वुल्फ यांच्या २०११ च्या अहवालानंतर असा नियम झाला, की सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षेत इंग्रजी वा गणितात चांगली श्रेणी न मिळालेल्याने तो विषय पुढे शिकलाच पाहिजे, नाहीतर कॉलेजचे अनुदान कापले जाते. थोडक्यात हुकलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला जीसीएसईच पुन्हा द्यावी लागते. त्याहून खाली राहिलेल्याला फंक्शनल स्किल्सची मुभा आहे. म्हणजे व्यवहाराची कौशल्ये ही मागे पडलेल्यांची वाट ठरली. जी सर्वांना हवीत म्हणून सुरू झाली, त्यांच्यावर दुय्यमपणाचा शिक्का बसला.

तरी १८६२ आणि आजचा फरक विसरू नये. तेव्हा मुलगा नापास झाला की शाळेचे पैसे जात. आता त्याला शिकवायचे सोडले की जातात. हा फरक लहान नाही. मोजूच नये म्हणावे, तर मोझर अहवालातली ती माणसे कोणाला दिसलीच नसती. कुठे अडले ते शोधण्यासाठी केलेली मोजणी मुलाच्या कामी येते. मोबदला ठरवण्यासाठी केलेली मोजणी मास्तरच्या. आपल्या शाळांत निकालाच्या टक्केवारीवर जेव्हा जेव्हा शाळेची पत ठरवली जाते, तेव्हा ही मोजणी दोघांपैकी कोणाच्या कामी येते आहे, एवढे विचारायला हवे.